डाव्या हाताची खोड

कंगवाकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि शर्टाच्या खिशात कंगवा मात्र कायम. कुणी हसलं तर म्हणायचे, डॉक्टर गळ्यात नळी घालून हिंडतो तो काय स्वतःचीच छाती ऐकायला? आयुष्यभर सलून चालवलं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि बोलायला ते एकटे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अंगावर कापड टाकायचं, मानेशी गाठ मारायची आणि गोष्ट सुरू करायची. गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाइकाला उठता येत नसे, कारण अर्धं डोकं बाकी असे.

ही हकिगतही ते स्वतःच सांगतात, आणि दर वेळी स्वतःला थोडं आणखी बावळट करून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यापुढे आता काय राहिलं असेल? पण पुढच्या खेपेला काका आणखी एक पायरी खाली उतरलेले असतात.

रस्ता रुंद करायचा ठरला आणि सलून पाडलं गेलं. काका घरी आले. घर म्हणजे एकाला एक लागून असलेल्या बैठ्या घरांच्या ओळीतलं मधलं. पुढच्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत स्वयंपाक. या दोन्हींच्या मधे काका. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं ते स्वतःच म्हणत आणि पुढे जोडत, "माझ्याकडे तुंबड्या नव्हत्या, कैची होती. म्हणून जास्त नुकसान झालं."

आधी त्यांनी घरातला झाडू सारखा केला. मग पायपुसण्याच्या कडेचे दोरे. मग भांडी घासायचा ब्रश, इतका बारीक की तो भांड्याला टेकेना. काकूंनी हे सगळं सोसलं. पण एका बाईने ब्लाउजसोबत आपली शाल दिली होती, फक्त एका कोपऱ्यातली उसवण शिवायला. शालीला लांब लांब गोंडे. काकांना ते मानेवर वाढलेल्या केसांसारखे दिसले. काकू बाजारातून परत येईपर्यंत शालीचा मस्त बारीक कट झाला होता.

त्या बाईची समजूत काढून झाल्यावर काकूंनी लेकीला फोन केला. लेक हत्यारांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. ड्रिल, करवती, पाण्याचे पंप, सगळं तिच्या हाताखालून जायचं. काकू तिला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या बाबांना काहीतरी कापायला दे. नाहीतर ते आता मला बारीक करतील."

आणि कापायला तर दारातच होतं. घरांच्या ओळीपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत झुडपांचं हिरवं कुंपण होतं. पूर्वी एक माळी मोठ्या कात्रीने ते कापायचा. तो म्हातारपणी आपल्या पोरीकडे राहायला गेला आणि तेव्हापासून कुंपणाच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. कल्ले वाढलेले, मान झाकलेली, डोळ्यांवर झिपऱ्या. काका रोज दारात उभे राहून त्याच्याकडे बघत आणि त्यांचे हात शिवशिवत. शेजाऱ्यांना विचारलं. कुणाचीच ना नव्हती.

लेक पुढच्याच सुट्टीच्या दिवशी बॅटरीवर चालणारं कुंपण कापायचं मशीन घेऊन आली. दिसायला करवतमाशाच्या सोंडेसारखं. लांब पट्टी आणि दोन्ही बाजूंना दात. काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "हे तर केस कापायच्या झीरो मशीनचे आजोबा आहेत." लेक हसली नाही. तिने ते ओट्यावर ठेवलं आणि शिकवायला सुरुवात केली. काका मान हलवू लागले. गिऱ्हाईक दाढी करून घेता घेता संसाराबद्दल सल्ला देतं, तेव्हा जशी मान हलवायची असते तशी.

ती म्हणाली, याला दोन मुठी आहेत. एक मागे, एक पुढे. दोन्हीकडचे खटके दोन्ही हातांनी दाबले तरच पातं चालतं. एक हात सुटला की थांबतं. काका म्हणाले, समजलं. ती म्हणाली, पात्यात काडी अडकली तर आधी बॅटरी काढायची, मगच हात लावायचा. नुसता खटका सोडून भागत नाही. काका म्हणाले, समजलं. कापण्याआधी कुंपणाच्या कडेने एकदा चालून बघायचं. आत तार नाही ना, पक्ष्याचं घरटं नाही ना. पानं ओली असताना कापायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, पायांत बूट. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. खालून वर कापत जायचं आणि कुंपण खाली रुंद, वर अरुंद ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. हे काकांना पटेना. ते म्हणाले, आमच्यात उलटं असतं, खाली बारीक आणि वर दाट. लेक म्हणाली, "बाबा, कुंपणाला भांग पाडायचा नाहीये."

काम झालं की बॅटरी काढायची, पातं ब्रशने झाडायचं, चिकटलेला चीक पुसायचा, तेलाचे थेंब सोडायचे, म्यान चढवायचं. बॅटरी घरात ठेवायची, उन्हात नाही. हे मात्र काकांना मनापासून आवडलं. वस्तरा आणि कैची त्यांनी आयुष्यभर अशीच राखली होती.

शेवटी लेक म्हणाली, "मशीन मी दुकानातून माझ्या शब्दावर आणलंय. एकदा जरी वेडेपणा केलात तर दुसऱ्या दिवशी परत नेईन."

काकांना हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. कारण त्याच सकाळी पलीकडच्या घरातल्या दाताच्या डॉक्टरांनी त्यांना हाक मारून विचारलं होतं, "काका, आमच्या बाजूचं कधी घेताय?" साधाच प्रश्न. पण सलून पडल्यापासून "कधी घेताय" असं काकांना कुणी विचारलं नव्हतं. ते घरात आले ते छाती पुढे काढून. काकू म्हणाल्या, दारातून नीट या, अडकाल. मशीन गेलं तर हा प्रश्नही जाणार, हे काकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग पुन्हा ते, भिंत आणि तुंबड्या.

पहिला दिवस झकास गेला. कुंपणाच्या पायाशी त्यांनी सलूनमधलं कापड पसरलं, म्हणजे कापलेली पानं गोळा करायला सोपं. वरून कंगवा फिरवून बघितला. चष्मा लावला, मोजे घातले. मोजे लेकीने दुकानातून आणलेले, मोठ्या मापाचे. काकांची बोटं आखूड, त्यामुळे मोज्यांची टोकं रिकामी लोंबायची. त्यांनी दोन्ही मुठी धरल्या, खटके दाबले. घर्रर्र झालं आणि कुंपणाच्या कल्ल्यावरून पहिला हात फिरला. पानं कापडावर पडू लागली. इतक्या महिन्यांनी कापडावर काहीतरी पडलं. काका कुंपणाला गोष्ट सांगू लागले.

पण एक अडचण होती. केस कापणाऱ्याचा उजवा हात कापतो, हे सगळ्यांना दिसतं. डावा काय करतो ते कुणी बघत नाही. डावा हात केसांची बट दोन बोटांत धरून उचलतो, ताणतो आणि कैची बोटांच्या अगदी वरून जाते. डाव्या हाताने दाखवलं नाही तर उजव्याला कळत नाही कुठे कापायचं. काकांचा डावा हात उभ्या आयुष्यात हेच करत आला होता. झोपेतसुद्धा करायचा. काकूंनी मध्यंतरी उशी मधे घालून झोपायला सुरुवात केली होती ती उगीच नव्हे.

आता हा हात पुढच्या मुठीवर अडकला. एखादी फांदी कुंपणातून वर डोकावली की डावा हात मूठ सोडून तिला उचलायला निघे. मूठ सुटली की मशीन बंद. काका चिडून हात परत आणत, मशीन चालू होई. पुढची फांदी आली की पुन्हा तेच. भांडखोर बायकोसारखं मशीन वागतंय, असं ते म्हणाले, आणि खिडकीतून काकूंनी वर बघितल्यावर म्हणाले, भांडखोर गिऱ्हाइकासारखं.

दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. या युक्तीबद्दल ते आजही म्हणतात की आयुष्यात मला फार कमी युक्त्या सुचल्या, त्यातली ही एक सुचली नसती तर माझी सरासरी चांगली राहिली असती. काकूंच्या शिवणाच्या डब्यात रुंद इलॅस्टिक होतं. काकांनी त्याचा तुकडा कापला आणि पुढच्या मुठीवरचा खटका घट्ट बांधून टाकला. आता मशीनला वाटे की डावा हात जागेवर आहे. प्रत्यक्षात डावा हात मोकळा. एका उजव्या हाताने मशीन चालतंय, डावा हात बटा उचलतोय. वा. स्वतःच्या पाठीवर थाप मारायला तिसरा हात नव्हता म्हणून, नाहीतर तीही मारली असती.

डॉक्टरांच्या घरासमोर आले आणि एक लांब, लवचिक फांदी दिसली. वाकडी, अगदी भोवऱ्यातून उगवलेल्या हट्टी केसासारखी. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्याकडे गेली. फांदी उचलली, ताणली. आणि उजवा हात, त्याच्या अनेक वर्षांच्या शिस्तीप्रमाणे, बोटांच्या अगदी वरून गेला.

फरक एवढाच, की कैची बोटांच्या वरून जाते ती बोटभर पट्टीची. ही पट्टी हातभर लांब, आणि दात दोन्ही बाजूंना.

खट्ट असा आवाज झाला. काकांनी उजवा खटका सोडला. समोर कापडावर पानं पडली होती, फांदी पडली होती आणि मोज्याच्या मधल्या बोटाचं टोक पडलं होतं.

काकांची पाचावर धारण बसली. मोजा काढून बघायचा धीर होईना. ते सांगतात की त्या क्षणी त्यांनी मोज्यातल्या मोज्यात बोटं हलवून हजेरी घेतली. करंगळी, हजर. तिच्या शेजारचं, हजर. मधलं हलतंय असं वाटलं, पण वाटण्यावर काय भरवसा, माझं डोकं चालतं असंही मला इतके दिवस वाटत होतं. शेवटी डोळे मिटून मोजा ओढला. सगळी बोटं होती. मधल्याच्या नखाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. रिकामं लोंबणारं टोक तेवढं गेलं होतं.

घाम पुसून काकांनी मशीन डॉक्टरांच्या फाटकाशेजारच्या बाकावर ठेवलं आणि मोज्याचं टोक मुठीत लपवून घरी आले. डोक्यात एकच गोष्ट. लेकीला कळता कामा नये. टोक परत शिवून घ्यायचं. काकू यंत्रावर बसल्या होत्या. काकांनी मोजा आणि टोक त्यांच्यापुढे ठेवलं आणि फार सहज आवाज काढून म्हणाले की हे जरा उसवलंय.

काकूंनी टोक उचलून बघितलं. आयुष्य कापडात गेलेल्या बाईला उसवलेलं आणि कापलेलं यातला फरक सांगावा लागत नाही. त्यांनी यंत्राचं पायडल थांबवलं.

"हात दाखवा."

काकांनी दाखवले. काकूंनी एकेक बोट धरून, दाबून बघितलं. मधलं बोट जरा जास्त वेळ हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "माझं इलॅस्टिक सकाळपासून सापडत नाहीये."

चोराच्या मनात चांदणं, तसं काकांचं झालं. सगळं सांगून टाकलं. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि ते मशीन कुठंय?"

"डॉक्टरांच्या बाकावर."

"इलॅस्टिक?"

"त्यालाच."

"बॅटरी?"

काका उत्तर द्यायला थांबले नाहीत. चपला न घालता धावले. त्यांना धावताना ओळीतल्या कुणी आजवर पाहिलं नव्हतं, ते स्वतःच म्हणतात की पाहण्यासारखंही नव्हतं.

दाताचे डॉक्टर जेवायला घरी आलेले. बाकावर मशीन दिसलं. ते उचलून त्यांनी खटका दाबून बघितला होता, आणि ते एका हाताने सुरू झालं म्हणून खूश होऊन कुंपणातली एक फांदी कापायला निघाले होते. उजव्या हातात घरघरणारं मशीन. आणि डावा हात, दोन बोटं पुढे करून, पानं बाजूला सारायला कुंपणात चालला होता. रोज दवाखान्यात पेशंटचा गाल बाजूला सारायला जातो तसाच.

"डॉक्टर, हात मागे," काका इतक्या जोरात ओरडले की अलीकडच्या घरातून कुणीतरी "काय झालं" म्हणून बाहेर आलं.

डॉक्टर दचकले. खटका सुटला. काकांनी मशीन त्यांच्या हातातून घेतलं आणि बॅटरी ओढून काढली. मग काका बाकावर बसले. स्वतःच्या बोटाचं त्यांना घरी येईपर्यंत थोडं हसूही येऊ लागलं होतं. हे बोट मात्र दुसऱ्याचं होतं आणि त्या बोटावर त्या माणसाचा संसार चालत होता. डॉक्टरांनी विचारलं, बिघडलंय का मशीन? काकांनी इलॅस्टिक दाखवलं. म्हणाले, मशीन ठीक आहे, मी बिघडलोय. आणि मोज्यापासूनची सगळी कथा सांगितली. डॉक्टरांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, मग तो खिशात घातला आणि जेवायला आत गेले. नंतर कळलं, जेवण गेलं नाही त्यांना.

काका घरी आले आणि कुणी न सांगता लेकीला फोन लावला. सांगायला फार वेळ लागला नाही. एरवी तेवढ्या वेळात त्यांची प्रस्तावनाही होत नसे. लेक म्हणाली, संध्याकाळी येते.

तिला यायला दोन-तीन तास होते. काकूंनी इलॅस्टिक सोडवून डब्यात टाकलं. काका मशीन घेऊन ओट्यावर बसले. परत जाणारच आहे तर निदान नीट जाऊ दे. पातं ब्रशने झाडलं. दातांमधे पानांचा चीक वाळून काळा झाला होता. तो फडक्याने, जिथे फडकं जाईना तिथे कंगव्याच्या टोकाने काढला. एकेक दात पुसला. कुठे बोथट झालाय का, कुठला स्क्रू ढिला आहे का, ते बघितलं. तेल सोडलं, जास्तीचं टिपून घेतलं. म्यान चढवलं. मशीन खोक्यात ठेवलं, बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, वर घडी करून मोजे. फाटकासुद्धा.

लेक आली. तिने आधी बाबांचे हात बघितले, आईसारखेच, एकेक बोट. मग खोकं उघडलं. म्यान काढलं. पातं खिडकीकडे धरून पुढून, मागून बघितलं. दातांच्या फटीत नख घालून बघितलं. काका म्हणाले, "ने. मी तुला दोष देणार नाही. शब्द शब्द असतो."

लेक म्हणाली, "बाबा, दुकानात रोज मशीनं परत येतात. चीक वाळलेला, गंज चढलेला, पातं वाकलेलं. लोक म्हणतात, वापरलंच नाही. असं पुसलेलं मशीन परत करायला आलेलं मी आजवर बघितलं नाही."

"अगं, डोकं नाहीये मला, हात आहेत," काका म्हणाले. "एक ऐकतो, एक ऐकत नाही."

"मग जो ऐकत नाही त्याची सोय करू," लेक म्हणाली.

तिने मशीन काकांकडे ठेवलं आणि बॅटरी काकूंकडे दिली. चार्जरसकट, पुढच्या खोलीतल्या फळीवर, शिवणयंत्राशेजारी. तिथे ऊन नाही, ओल नाही आणि आईची नजर आहे. कुंपण कापताना दोन्ही हात मुठींवर. एखाद्या फांदीला डावा हात लावावासा वाटला की थांबायचं, बॅटरी काढायची, ती घरात आईकडे नेऊन द्यायची, आणि मग ती फांदी हवी तशी उचलून साध्या कैचीने कापायची. काका म्हणाले, म्हणजे प्रत्येक फांदीला घरी यायचं? लेक म्हणाली, हो. चालणं तुमच्या तब्येतीलाही चांगलं.

दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरांच्या बाजूला पुन्हा उभे राहिले. डॉक्टर खिडकीतून बघत होते, हात मागे बांधून. दोन्ही मुठी घट्ट. घर्रर्र. थोडं पुढे गेले आणि एक झिपरी वर आली. डाव्या हाताची बोटं मुठीवरच चुळबुळली. काकांनी खटके सोडले, बॅटरी काढली आणि घराकडे निघाले. काकू बटणांची काजं करत होत्या. काकांनी बॅटरी पुढे केली. काकूंनी ती घेतली, फळीवर ठेवली आणि पुन्हा मान खाली घातली. काका कैचीने ती झिपरी कापून परत आले, बॅटरी मागायला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा.

पाचव्या की सहाव्या खेपेला काकूंचं हातातलं कापड नाजूक होतं आणि त्यांनी मान वर केली नाही. काका दारात उभे राहिले. एकदा खोकले. काकू म्हणाल्या, "बसा. हे एवढं झालं की तुमचा नंबर."

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बाहेर डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं की काका, आज होईल का आमची बाजू. काकांनी आतूनच मोठ्याने सांगितलं, होईल, होईल, जरा गर्दी आहे.